चेहरा कापायचा नाही

बॅनर टेबलावर पसरला की बाई आधी माणूस शोधायच्या. घडी कशीही पडलेली असो, हाताने चाचपत त्या चेहऱ्यापर्यंत पोचायच्या, ओल्या फडक्याने त्यावरची धूळ पुसायच्या आणि म्हणायच्या, "हं, या. बसा." मग खडूने त्या चेहऱ्याभोवती चौकोन आखायच्या. त्या चौकोनात कात्री शिरता कामा नये. बाकीचा बॅनर तुमचा.

आमची बायकांची सहकारी संस्था सिडकोत होती, अजूनही आहे. नऊ सभासद, पाच मशिनं आणि एका बंद पडलेल्या वर्कशॉपचा पत्र्याचा गाळा. नाशकात वाढदिवसांचे, नियुक्त्यांचे, सणांचे आणि श्रद्धांजलीचे जे फ्लेक्स चौकाचौकांत लागतात, ते उतरले की आम्ही आणायचो, धुवायचो आणि त्यांच्या बाजाराच्या पिशव्या शिवायचो. शिवाय स्कूटरची कव्हरं, रोपांच्या पिशव्या, द्राक्षबागेत फवारणीच्या वेळी बांधायचे एप्रन. मी एका कंपनीत अकाउंट्सला आहे. संध्याकाळी आणि सुटीच्या दिवशी गाळ्यावर जायचे, त्यामुळे संस्थेचा हिशेब आपसूक माझ्याकडे आला. बाई अध्यक्ष. मुलींच्या सरकारी वसतिगृहात शिवण शिकवून निवृत्त झालेल्या, मूळच्या नामपूरच्या, एकट्या राहणाऱ्या. संस्था त्यांनीच काढली होती, आणि चेहऱ्याचा नियमही त्यांचाच.

मी नवीन होते तेव्हा त्यांना हिशेब करून दाखवला. चेहरे सोडून कापलं तर दर बॅनरमागे दोन-तीन पिशव्या कमी निघतात. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "बरोबर आहे तुझं," म्हणाल्या, "टोल समज. रस्ता वापरतो ना आपण त्यांचा?"

एकदा शोभाच्या हातून एका चेहऱ्याचे दोन तुकडे झाले. शोभा आमच्यातली सगळ्यात जलद हाताची, आणि तोंडाचीही. बाई एरवी आमच्यासारखंच बोलायच्या, पण रागावल्या की नामपूर बाहेर यायचं. "काय करी ऱ्हायनी तू? हाऊ माणूस शे, चिंधी नही!"

शोभा म्हणाली, "बाई, माणूस नाही हा, नगरसेवक आहे."

सगळ्या हसल्या. बाई हसल्या नाहीत. स्टुलावर बसून त्यांनी ते दोन तुकडे बारीक टाक्यांनी जोडले. नाक थोडं वाकडं झालं. ते पाहून मग त्यांनाही हसू आलं. "आता खरा नगरसेवक दिसतो," म्हणाल्या.

फ्लेक्सची छापील बाजू आम्ही पिशवीच्या आत घ्यायचो. बाहेरून पिशवी पांढरी, त्यावर जुन्या साडीच्या काठाची पट्टी. त्यामुळे आमची पिशवी घेणाऱ्याला आत कोण आहे ते घरी जाऊन, ती रिकामी करतानाच कळायचं. मेथीची जुडी काढली की खालून कोणीतरी हात जोडून हसत असायचं. काही गिऱ्हाइकांना ते आवडायचं नाही. काही मात्र मुद्दाम विचारायची, "आमच्या वॉर्डातला आहे का एखादा?"

मोठ्या नेत्यांचे चेहरे पिशवीत मावायचे नाहीत. एकेक चेहरा पाच-पाच फुटांचा. त्यांची स्कूटरची कव्हरं व्हायची. बाईंचा जीव मात्र बॅनरच्या खालच्या रांगेत असायचा. तिथे शुभेच्छुकांचे चेहरे असतात, पोस्टकार्डाएवढे, एकाला एक चिकटून. त्यांचे त्या पिशवीच्या आतले खिसे करायच्या. "ह्यांना कोणी बघत नाही. पैसे ह्यांनीच भरलेले असतात," असं त्यांचं म्हणणं. आणि मजकुराला त्या सरळ कचरा म्हणायच्या. कार्यसम्राट, युवा हृदयसम्राट, आधारवड. अक्षरं असलेला भाग आधी कापून बाजूला. त्याचे बंद आणि गोट व्हायचे. "लिहिलेलं खोटं असतं गं. चेहरा तेवढा खरा."

दोन पुढाऱ्यांचं भांडण असलं की बाई मुद्दाम त्या दोघांना एकाच पिशवीत समोरासमोर शिवायच्या. अशी एक पिशवी भाजीबाजारात कोणाच्या तरी हाती लागली आणि दुसऱ्या दिवशी चार पोरं बुलेटवरून गाळ्यावर आली.

"दादांचा फोटो पिशवीच्या आत? कोणाची आयडिया ही?"

"माझी," बाई म्हणाल्या. "बाहेर लावू का? बटाट्याच्या गोणीला घासायला?"

"तसं नाही, बाई. पण समोर कोण आहे बघा ना!"

"बघितलंय. रोज एकमेकांची तोंडं बघतील. जरा ओळख होईल."

संध्याकाळी दादा स्वतः आले. मी हिशेबाला बसले होते. त्यांनी पिशवी हातात घेतली, आत डोकावून बराच वेळ पाहिलं. "किती दिवस राहायचं आम्ही असं?"

"पिशवी टिकेल तोवर. चार वर्षं तरी."

"मग आमच्या युतीपेक्षा जास्तच झालं," दादा म्हणाले. जाताना दोन पिशव्या घेऊन गेले आणि पुढे त्यांचा प्रत्येक बॅनर उतरला की आमच्याकडे यायला लागला.

हे सगळं सांगताना मला बरं वाटतं, आणि लगेच वाईटही वाटतं. कारण ज्या गोष्टीमुळे बाई बाई होत्या, तीच आम्हाला पुढे परवडली नाही.

श्रद्धांजलीच्या बॅनरची रीत वेगळी होती. तेरावा झाल्याशिवाय बाई तो बॅनर उतरवू द्यायच्या नाहीत. मग घरच्यांना विचारायच्या. घरच्यांनी हो म्हटलं की बॅनर आणायचा, बाकीच्या भागाच्या पिशव्या करायच्या, पण तो चेहरा पिशवीत घालायचा नाही. तो नीट चौकोनी कापायचा, कडेने पांढरी गोट लावायची, टांगायला वर दोन छिद्रं पाडायची आणि घरी नेऊन द्यायचा. हे काम बाई स्वतः करायच्या. बरेचदा मी त्यांना स्कूटरवर घेऊन जायचे. एखाद्या घरी दारातूनच "ठेवा तिकडे" म्हणायचे. एखाद्या घरी चहा व्हायचा. म्हसरूळला एका घरात आम्ही दिलेल्या चेहऱ्याला हार घातलेला मी स्वतः पाहिला आहे, त्या घरात त्याच्याशिवाय एवढा मोठा फोटो नव्हता.

परत द्यायचे चेहरे एका कपाटात गुंडाळून ठेवलेले असायचे. पिशव्यांत घालायचे चेहरे त्याच कपाटाच्या खालच्या कप्प्यात. माझ्या पद्धतीने मी एकदा सुचवलं की मागच्या पांढऱ्या बाजूला मार्करने नाव आणि गाव लिहून ठेवू. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काही वावगं बोलले होते.

"माणसाच्या पाठीवर लिहायचं? गुरं आहेत का ती?"

"मग लक्षात कसं राहणार?"

"माणूस बघितला की राहतो लक्षात."

तोवर त्यांचे डोळे चांगले होते. नंतर मोतीबिंदू आला. सुईत दोरा ओवायला त्या शोभाला हाक मारायला लागल्या, बॅनरवरचा चेहरा हाताने चाचपताना हात जास्त वेळ फिरायला लागला. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं. "करू, काही घाई नाही," असं चाललं होतं.

त्या वर्षी सायखेड्याहून एकाच वेळी दोन बॅनर आले. तिथल्या दोन चुलतभावांचे. एक वारले होते, त्यांचा श्रद्धांजलीचा. दुसरे सोसायटीवर निवडून आले होते, त्यांचा अभिनंदनाचा. दोघंही पन्नाशीचे, मिशा सारख्या, पांढरा शर्ट, कपाळाला टिळा. फोटोही बहुधा एकाच स्टुडिओतले, मागे निळं आकाश. मजकूर होता तोवर कोण जिवंत आणि कोण गेलेला हे कोणालाही कळलं असतं. मजकूर आम्ही नेहमीप्रमाणे आधी कापून टाकला.

सायखेड्याला आम्ही दोघी गेलो. वारलेल्या भावाचं घर नदीकडच्या बाजूला होतं. ओटीवर पाच-सहा माणसं बसलेली. बाईंनी नमस्कार केला, कोण कुठल्या ते सांगितलं, गुंडाळी सोडली आणि पांढरी गोट लावलेला तो चेहरा दोन्ही हातांनी उंच धरला.

मग ओटीवरचा एक माणूस उठून पुढे आला. मिशा, कपाळाला टिळा. त्याने त्या चेहऱ्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं.

"बाई," तो म्हणाला, "हा तर मी हाय."

आतून एक म्हातारी बाहेर आली. त्या माणसाची आई असावी. तिने बाईंच्या हातातला फ्लेक्स पाहिला, त्याची पांढरी गोट पाहिली, टांगायची छिद्रं पाहिली. आणि तिने जो टाहो फोडला तो मला आजही ऐकू येतो. "माझ्या जित्या लेकाला मेलेला करून आणला गं! कोण ही अवदसा?"

बाई तशाच उभ्या. चेहरा अजून वर धरलेला. मीच तो त्यांच्या हातातून काढून घेतला. तो माणूस भला होता, आईला धरून म्हणत होता, "आगं, चूक झाली त्यांची. मी हाय ना इथं." ज्याचा सख्ख्यासारखा भाऊ महिन्याभरापूर्वी गेला, त्याला आपलाच चेहरा असा पाहून काय वाटलं असेल! बाईंनी म्हातारीच्या पाया पडायला वाकायचा प्रयत्न केला. तिने पाय मागे घेतले.

परतताना नाशिक आल्यावर बाई स्कूटरवर मागून म्हणाल्या, "दोघांचे टिळे सारखेच होते का गं?"

"हो."

"मला वाटलं, एकाला नाहीच."

ओटीवर कोणीतरी मोबाइलवर ते सगळं टिपलं होतं. गोदाकाठच्या गावांतून आणि मग शहरातून तो व्हिडिओ फिरला. त्याखाली लोकांनी काय काय लिहिलं ते मी इथे लिहीत नाही. एवढंच सांगते, की आम्हाला बॅनर मिळायचे बंद झाले. वाढदिवसाचा बॅनर त्या बाईकडे गेला की माणूस जातो, असं बोललं जाऊ लागलं. दादांच्या पोरांनीही फोनवर सांगितलं, "बाई, वाईट नका वाटून घेऊ, पण घरचे नको म्हणतात." पिशव्या विकल्या जात होत्या, शिवायला माल नव्हता.

त्या वेळी अंबडचा एक फ्लेक्स छापणारा पुढे आला. उतरवलेले बॅनर, छपाईत चुकलेले, गिऱ्हाइकाने न नेलेले असे ढीग त्याच्या गोदामात पडून होते. तो गाळ्यावर येऊन बसला. "ताई, माल फुकट. रोज उचला, वर्षभर पुरेल. माझी एकच अट. फेस दिसला नाही पाहिजे. माझ्या गोदामातून बाहेर पडायच्या आधी चेहऱ्यावर कात्री. गिऱ्हाइकाने उद्या कुठे बघितलं आणि तुमच्यासारखा लफडा माझ्या गळ्यात आला तर? सॉरी हं, पण धंदा आहे."

बाई म्हणाल्या, "आम्ही चेहरा कापत नाही."

"मग राहू द्या," तो म्हणाला आणि चहा अर्धा टाकून गेला.

दुसऱ्या दिवशी आम्ही सभा घेतली. सहकारी संस्था आहे, नऊ जणींचं मत सारखं. बाईंनी मला विचारलं, "आकडे काय म्हणतात?"

"आहे तो माल महिनाभर जाईल," मी सांगितलं. "नंतर काम नाही."

"आकडे बरोबर आहेत ना?"

"बरोबर आहेत." ते बरोबरच होते. आज पुन्हा मांडले तरी तेच येतील.

शेवटी शोभा बोलली. तिचा नवरा घरी बसून होता, मुलगी बारावीला. "बाई, रागावू नका. तुम्हाला पेन्शन आहे. आमच्या सात जणींना हे मशीनच आहे. तुमच्या त्या फोटोतल्या माणसांनी आपल्याला कधी विचारलं का, जेवल्या का म्हणून?"

"नाही विचारलं," बाई म्हणाल्या.

"मग त्यांच्यासाठी आम्ही घरी बसायचं?"

बाई रागावतील, नामपूरच्या बोलीत काहीतरी सुनावतील, असं मला वाटत होतं. सुनावायला हवं होतं. त्या फक्त म्हणाल्या, "हात वर करा." आठ हात वर झाले. अध्यक्षांच्या मताची गरज नव्हती, तरी थोड्या वेळाने त्यांनीही हात वर केला.

"एक माझं ऐका," त्या म्हणाल्या. "गोदामातली कात्री मी चालवीन. तुम्ही कोणी नाही."

त्यानंतर रोज सकाळी बाई गोदामात जायच्या. ढिगाशेजारी स्टूल घेऊन बसायच्या. एक आडवी कात्री, एक उभी. चेहऱ्याचे चार भाग झाले की पुढचा बॅनर. पुसायचं काम उरलं नव्हतं, "या, बसा" म्हणायचंही. टेम्पोतून ते तुकडे गाळ्यावर यायचे. कुठे एक कान, कुठे अर्धी मिशी. आम्ही ते उलटे करून, पांढरी बाजू वर घेऊन शिवायचो. पिशव्या पूर्वीपेक्षा जास्त निघायला लागल्या, मी नवीन असताना सांगितलं होतं त्याप्रमाणे. गाळ्यात गप्पा मात्र कमी झाल्या. शोभानेही बोलणं कमी केलं. ती सकाळी बाईंसाठी डबा आणायला लागली, आणि बाई तो खायच्याही. दोघींमध्ये वाकडं असं काही आलं नाही. तसं आलं असतं तर बरं झालं असतं.

डोळ्यांचं ऑपरेशन बाई पुढे ढकलत राहिल्या. दवाखान्यातून दोनदा तारीख मिळाली, दोन्ही वेळा गेल्या नाहीत. मी मागे लागले की म्हणायच्या, "हे संपू दे." मला वाटायचं, ढीग संपू दे. ढीग कुठला संपतो? शहरात रोज कोणाचा तरी वाढदिवस असतोच.

उन्हाळ्यात एके सोमवारी त्या गोदामात गेल्या नाहीत. भावाकडे सटाण्याला जाते आहे, आता तिकडेच राहीन, असा फोन शोभाला आला. मग आम्ही निरोप समारंभ ठरवत होतो, पण तो राहिला.

संस्था नीट चालली आहे. आम्ही कापायचं इलेक्ट्रिक मशीन घेतलं, ते गोदामातच ठेवलं. बॅनरचे दहा थर एकावर एक ठेवायचे, वरून साचा आखायचा आणि पातं फिरवायचं. शोभा ते चालवते. छापणाऱ्याची अट आपोआप पाळली जाते. मधे कोण होतं हे चालवणाऱ्यालाही कळत नाही.

गेल्या दिवाळीनंतर मी सटाण्याला गेले. बाईंना परत घेऊन यायचं असं मनाशी ठरवून गेले होते. भावाच्या घराच्या अंगणात त्या लसूण निवडत बसल्या होत्या. मी फाटकातून आत शिरले तोच म्हणाल्या, "ये गं. केस पांढरे झाले की तुझे." ऑपरेशन झालं होतं. दोन्ही डोळ्यांचं.

जेवणं झाल्यावर मी विषय काढला. मशीनबद्दल सांगितलं, दहा थर सांगितले. "आता तुम्हाला कापायला नको, बाई. नुसत्या येऊन बसा. नव्या मुलींना शिवण दाखवा."

"थरात कोण आहे ते दिसत नाही म्हणतेस?"

"वरचा एक तेवढा दिसतो."

त्या हातातल्या पाकळीची साल काढत राहिल्या. "डोळे होते तसे राहिले असते तर आले असते," म्हणाल्या.

ऑपरेशन त्यांनी का लांबवलं होतं, ते मला तेव्हा कळलं. गोदामात बसायचं होतं तोवर त्यांना धूसर दिसायलाच हवं होतं. मी आणखी आग्रह केला नाही. काय सांगून करणार होते?

नाशिकची एस.टी. संध्याकाळची होती. नको म्हटलं तरी त्या स्टँडपर्यंत सोडायला निघाल्या. वाटेत पहिल्या चौकात एका वाढदिवसाचा बॅनर होता. बाई त्याच्यासमोर थांबल्या. मान वर करून मधला चेहरा पाहिला, मग खालची रांग, एकेक करून. पुढे बाजार समितीच्या कोणाच्या तरी निवडीचा बॅनर लागला, तिथेही तसंच. मी घड्याळ बघत होते. स्टँडच्या फाटकावर तिसरा होता, एका तरुण मुलाच्या श्रद्धांजलीचा. तिथे त्या इतका वेळ उभ्या राहिल्या की माझ्या गाडीचा कंडक्टर घंटी मारायला लागला.

"ओळखीचा आहे का, बाई?" मी विचारलं.

"नाही गं," त्या म्हणाल्या. "पाहून ठेवते."